‘रस उरला नाही’ म्हणणाऱ्यांस

मित्रांनी मिळून चालवलेली एखादी गोष्ट बंद पडू लागली, की तिच्याविषयी एक ठरीव वाक्य बोलले जाते : ‘आता पूर्वीसारखा रस उरला नाही.’ वाक्य सभ्य आहे. त्यात कोणावर आरोप नाही आणि कोणाची जबाबदारीही नाही. पाऊस ओसरला असे म्हणावे, तितक्या अलिप्तपणे ते उच्चारले जाते. आमच्या फॅन्टसी फुटबॉलच्या लीगविषयी गेली काही वर्षे आम्ही हेच वाक्य ऐकत आहोत. आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते एक-दोनदा उच्चारलेले आहे. प्रस्तुत लेख या वाक्याच्या विरोधात आहे, म्हणजे काही अंशी आमच्याही विरोधात आहे.

कल्पित संघांच्या एका खेळाच्या दुखण्यावर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी वेळ का घालवावा, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, ‘रस’ हा शब्द साहित्यशास्त्राच्या घरातला आहे, आणि त्याचा इतका ढिला वापर चाललेला असताना घरच्या माणसांनी गप्प बसू नये. शिवाय अभ्यासमंडळे, वाचनगट, हस्तलिखिते, अनियतकालिके यांचा शेवटही बहुधा याच वाक्याने होतो. तेव्हा प्रश्न केवळ फुटबॉलचा नाही.

१.

आमची लीग २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. त्याच जून-जुलैत जर्मनीत विश्वचषक झाला होता. अंतिम सामन्यात झिदानने मातेराझीच्या छातीवर डोके हाणले, आणि त्या एका कृतीच्या नैतिकतेवर लोणावळा-पुणे लोकलमध्ये महिनाभर वाद चालले. आम्ही दहा जण होतो. कोणी लोणावळ्याचे, कोणी कामशेतचे, कोणी वडगाव-तळेगावचे. सर्वांना बांधणारी गोष्ट म्हणजे पुण्याच्या महाविद्यालयांत नेणारी सकाळची लोकल. विश्वचषक संपला, वाद संपेनात, तेव्हा वादांना काहीतरी अधिष्ठान असावे म्हणून हा खेळ आला.

खेळाचे स्वरूप न जाणणाऱ्यांसाठी थोडक्यात : इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००२ पासून तो चालवलेला आहे. तो फुकट आहे आणि अलीकडे जगभरातील एक कोटीहून अधिक लोक तो खेळतात. प्रत्येकाला दहा कोटी पौंडांची काल्पनिक थैली मिळते. तीतून पंधरा खरे खेळाडू घ्यायचे : दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मध्यरक्षक, तीन आघाडीपटू, एका क्लबचे तिघांहून अधिक नाहीत. दर आठवड्याला त्यांतले अकरा उतरवायचे आणि एकाला कर्णधार नेमायचे. कर्णधाराचे गुण दुप्पट. प्रत्यक्ष सामन्यात त्या खेळाडूने गोल केला, गोलसाठी पास दिला, त्याच्या संघाने गोल होऊ दिला नाही, की गुण मिळतात. कार्ड दाखवले गेले की कापले जातात. असे अडतीस आठवडे.

साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर हा संपादकाचा खेळ आहे, लेखकाचा नव्हे. मजकूर दुसऱ्यांनी लिहायचा, आपण निवड करायची. आणि निवडीचे समर्थन चारचौघांत करता आले पाहिजे. ही शेवटची अट नियमांच्या पुस्तकात नाही. ती आमची होती, आणि पुढे दिसेल की सगळा खेळ तिच्यावरच उभा होता.

हंगाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो आणि मेच्या अखेरीस संपतो. मावळात याचा अर्थ असा की, भातलावणी उरकल्यावर तो सुरू होतो आणि पुढच्या पेरणीच्या तोंडाशी संपतो. पहिल्या वर्षी दहापैकी तिघांच्या घरी इंटरनेट होते. उरलेल्या सात संघांची नावे लोणावळ्याच्या बाजारातील एका सायबर कॅफेत बसून एकच जण भरत असे. बदल त्याला फोनवर, एसएमएसवर, क्वचित लोकलच्या दारातून ओरडून कळवले जात. शनिवारी दुपारी मुदत संपे, आणि लोणावळ्याच्या पावसात शनिवारी दुपारी वीज असेलच असे नसे. चुकीचे नाव भरले गेले, की पुढचा आठवडा त्या भांडणात जाई. म्हणूनच त्याने एक वही घातली. कोणी काय सांगितले, केव्हा सांगितले, ते तीत लिहून ठेवले जाई. वर्षभरात वहीला दुसरा विभाग फुटला : त्या आठवड्यात जो तळाला असेल त्याने अर्धे पान वृत्तान्त लिहायचा. पराभूताने इतिहास लिहावा, असा तो विरळा प्रघात होता.

ही वही २०१३ पर्यंत चालली. मग सर्वांच्या हातात स्मार्टफोन आले, प्रत्येक जण आपला संघ आपणच भरू लागला, गप्पांसाठी व्हॉट्सॲपवर गट झाला, आणि वहीचे कारण संपले असे सर्वांना वाटले. आम्हालाही वाटले. लीगच्या उतरणीचा आरंभ आम्ही त्या वर्षी धरतो. मात्र तेव्हा कोणाचाही ‘रस’ कमी झालेला नव्हता. तो कमी झाल्याची भाषा त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आली.

२.

आता या ‘रसा’कडे वळू. ‘रस उरला नाही’ या वाक्यामागे एक कल्पना दडलेली आहे : रस हा माठातल्या पाण्यासारखा साठा असतो, तो वापरला की संपतो, आणि संपला की नाइलाज. ही कल्पना आपल्या परंपरेतली नाही. नाट्यशास्त्रापासून आपल्याकडे रसाच्या ‘निष्पत्ती’ची भाषा आहे. रस आधीपासून कोठे भरून ठेवलेला नसतो. सामग्री जुळून आली तर तो निष्पन्न होतो. सामग्री जुळवलीच नाही तर तो ‘उरला नाही’ असे म्हणणे म्हणजे चूल न पेटवता भात शिजला नाही अशी तक्रार करणे होय. आणि अभिनवगुप्ताचा सहृदय तरी कोण? काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा लखलखीत झालेला असतो, तो. म्हणजे तेथेही अभ्यास आधी आणि आस्वाद नंतर.

वर्गात हे शिकवणारे आणि शिकणारे आपण, स्वतःच्या आयुष्यात मात्र क्रम उलटा लावतो. आधी रस वाटू दे, मग बसू.

आमच्या गावांत याहून साधे उदाहरण आहे. भातलावणीच्या दिवसांत आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या खाचरात सगळे मिळून उतरण्याची रीत मावळात चालत आलेली आहे. तिला इर्जिक म्हणतात. ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे. इर्जिकीला जाणाऱ्या माणसाला ‘आज तुला रस आहे का?’ असे कोणी विचारत नाही. तो जातो, कारण परवा त्याच्या शेतावर इतर आलेले असतात. गंमत अशी की, चिखलात उतरल्यावर गाणी, चेष्टा, चिडवाचिडवी सुरू होते आणि दिवस आनंदाचा होतो. तो आनंद कोणी घरून आणलेला नसतो.

आमच्या लीगचे पहिले सात हंगाम इर्जिकीसारखे होते. सात जणांचे संघ एक जण भरत होता. त्याच्या परीक्षेच्या आठवड्यात दुसरा भरत होता. ज्याचा संघ रसातळाला गेला तोही आपले बदल कळवत होता, कारण न कळवणे म्हणजे कॅफेत ताटकळणाऱ्याचा अपमान. आम्ही स्वतंत्र झालो आणि ही देणी फिटली. देणी फिटली याचा आनंद आम्ही केला. त्यांच्यासोबत काय गेले ते मोजले नाही.

३.

लीग पुन्हा उभी करण्यासाठी आमच्यातल्या काहींनी आजवर तीन उपाय सुचवले. तिन्ही आम्हाला अमान्य आहेत.

पहिला उपाय पैशाचा. प्रत्येकाने वर्गणी काढावी, विजेत्याला घसघशीत बक्षीस मिळावे, म्हणजे लोक आपोआप लक्ष घालतील. पैशाने लक्ष वेधले जाते, हे खरे. परंतु पैसा काढून घेतल्यावर काय उरते याचा एक मोठा प्रयोग २०२५ मध्ये आपल्या डोळ्यांदेखत झाला. ड्रीम इलेव्हन ही २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी; कल्पित संघांच्या खेळाला तिने देशभर नेले, आणि २०२३ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर तिचेच नाव होते. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने आणि २१ रोजी राज्यसभेने पैशावर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारे विधेयक संमत केले. २२ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कंपनीने पैशाच्या स्पर्धा लगोलग थांबवल्या, जर्सीवरचे नावही गेले. तो कायदा योग्य की अयोग्य, हा येथे आमचा विषय नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या खेळाडूंना केवळ बक्षिसाने आणले होते ते बक्षिसाबरोबर गेले. त्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती. त्याच आठवड्यात आमच्या कंगाल लीगचा दुसरा सामनाआठवडा होता आणि तिला या घडामोडीचा धक्काही लागला नाही. जिचे दुखणे पैशाच्या अभावाचे नव्हते, तिला पैशाचे औषध कशासाठी?

दुसरा उपाय नव्या रक्ताचा : कंपनीतले सहकारी, मेहुणे, भाचे यांना घेऊन संख्या तीसवर न्यावी. हा उपाय आम्ही २०१९ मध्ये करून पाहिला. तक्ता लांबला, बोलणे आटले. तीस जणांत स्वतःच्या निवडीचे समर्थन कोणी कोणाकडे मागत नाही. तेथे फक्त क्रमांक असतो. पुढच्या वर्षी पाहुणे गेले आणि जाताना मूळ दहांपैकी दोघांना ‘आपण नसलो तरी चालते’ हे शिकवून गेले.

तिसरा उपाय आठवण करून देण्याचा : गटात दर शुक्रवारी सूचना, मुदतीची घंटा, मतचाचणी. हा उपाय सर्वांत निरुपद्रवी म्हणून सर्वांत निरुपयोगी आहे. आठवण ज्याला करून द्यावी लागते तो विसरलेला असतो असे आपण समजतो. आमचे मित्र विसरलेले नाहीत. आपण न आल्याने कोणाचे काही अडत नाही हे त्यांनी बरोबर ओळखलेले आहे. घंटेने ते खोटे ठरत नाही.

४.

मग सामग्री कोणती जुळवायची? आमच्या मते तीन गोष्टी. त्यांतली पहिली खेळाच्या रचनेतच आहे.

नेहमीच्या पद्धतीत एकच खेळाडू कितीही जणांना घेता येतो. हंगामाच्या आरंभी संघ वेगळे असतात. मग प्रत्येक जण तीच आकडेवारी वाचतो, त्याच तज्ज्ञांना ऐकतो, आणि वसंत येईतो सर्वांचे संघ एकसारखे होतात. २०२४-२५ च्या हंगामात मोहम्मद सलाहने ३४४ गुण मिळवले. तो या खेळातला विक्रम ठरला. आमच्या लीगमध्ये ज्यांचे संघ जिवंत होते त्या सर्वांकडे सलाह होता आणि बहुतेकांचा कर्णधारही तोच होता. म्हणजे शतकातून कधीतरी दिसावी अशी कामगिरी घडत होती आणि आमच्यात तिच्यामुळे एका गुणाचाही फरक पडत नव्हता, म्हणून तिच्याविषयी एक वाक्यही बोलले जात नव्हते. सर्वांनी एकाच मार्गदर्शकातून उत्तरे लिहिली, की परीक्षकाची जी गत होते ती आमची झाली.

यावर तोड आहे आणि ती २०१७ पासून याच खेळात उपलब्ध आहे. तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यात थैली नाही. सर्वांनी एकत्र बसून पाळीपाळीने खेळाडू उचलायचे. एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्या फेरीत जो पहिला, तो दुसऱ्या फेरीत शेवटचा, असा क्रम नागमोडी चालतो. सलाह एकाकडेच जातो, उरलेल्यांना त्याच्याविरुद्ध वर्षभर कट करावा लागतो. हंगामात अदलाबदल करायची तर दुसऱ्याशी बोलावे लागते, घासाघीस करावी लागते, त्याच्या बचावफळीचे खोटे कौतुक करावे लागते. येथे एकाने दुर्लक्ष केले तर नऊ जणांचे अडते, कारण चांगला खेळाडू त्याच्या कुलुपात पडून राहतो. म्हणजे देणी परत येतात. ‘नियम बदलून रस येत नाही’ असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर हे की, हा बदल खेळ सोपा किंवा आकर्षक करण्यासाठी नाही. तो माणसांना एकमेकांवर अवलंबून ठेवण्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट वही. हिच्याविषयी आम्ही हटवादी आहोत, हे आधीच मान्य करतो. जॅक केरुआकने लहानपणी लॉवेल गावी पत्त्यांवर खेळायचा बेसबॉलचा एक कल्पित खेळ रचला होता. त्यातले संघ खोटे, बरेचसे खेळाडूही खोटे. तो खेळ त्याने प्रौढपणीही सोडला नाही. तो टिकण्याचे कारण काय असावे? केरुआक त्याचे गुण मांडीत असे, त्याची वार्तापत्रे लिहीत असे. त्या कागदांचा संग्रह आज न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. न्यू यॉर्कमध्येच १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी एका उपाहारगृहाच्या नावाने आधुनिक फॅन्टसी बेसबॉलची पहिली लीग काढली. त्यांतले बरेच जण लेखन-संपादनाच्या व्यवसायातले होते. पैजेचा पैसा तेथेही होता. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो विजेत्याच्या डोक्यावर चॉकलेटचे पेय ओतण्याचा विधी. लिहिणे आणि विधी, या दोहोंनी खेळाला काळ मिळतो. एरवी त्याला फक्त आठवडे असतात.

५.

तिसरी गोष्ट सांगण्यापूर्वी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. तो आम्ही आजवर कोठे लिहिला नव्हता.

सायबर कॅफेत बसून सात जणांचे संघ भरणारा आमचा मित्र २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. हंगामाचे शेवटचे आठवडे शिल्लक होते. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना सांगितले पाहिजे की, या खेळात हात न लावलेला संघ थांबत नाही. शेवटी नेमलेले अकरा जण पुढच्या आठवड्यात आपोआप उतरतात. त्याचा संघ उतरत राहिला. त्याने नेमलेला कर्णधार दुप्पट गुण मिळवत राहिला. दर सोमवारी आम्ही तक्ता उघडत होतो आणि त्याचे नाव एखाद्या जागेने वर सरकलेले दिसत होते. २३ मे २०२१ रोजी हंगाम संपला तेव्हा तो चौथा होता. आमच्यातले सहा जिवंत त्याच्या खाली होते.

ऑगस्टमध्ये नवा हंगाम उघडला. प्रत्येक वर्षी प्रत्येकाने आपला संघ नव्याने नोंदवायचा असतो. नऊ जणांनी नोंदवला. तक्त्यात नऊ ओळी आल्या. दहावी ओळ नव्हती. रिकामी ओळही नव्हती. मागचा तक्ता पाहावा म्हणून शोधले तर तो मिळेना, कारण तो ठेवलाच जात नाही. प्रत्येकाच्या खात्यात त्याचे स्वतःचे मागच्या हंगामांचे गुण आणि क्रमांक जपलेले असतात. दहा जणांचा मिळून झालेला तक्ता मात्र दर वर्षी पुसला जातो. व्यक्तीचा इतिहास यंत्राला ठाऊक आहे, मंडळाचा नाही. यात यंत्राचा दोष नाही. मंडळाचा इतिहास ठेवणे हे मंडळाचे काम होते आणि ते आम्ही २०१३ मध्ये सोडले होते.

त्याचे परिणाम पुढे कळले. २०१५-१६ चा हंगाम सर्वांना आठवतो. लेस्टरवर पाच हजारास एक असा भाव होता आणि लेस्टर विजेते झाले. जेमी वार्डीने सलग अकरा सामन्यांत गोल केले. वार्डीला त्या वर्षी आमच्यात सर्वांत आधी घेणारा हाच मित्र, आणि त्याला सर्वांत जास्त हसणारे आम्ही. पण तो त्याने हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात घेतला होता की गोल होऊ लागल्यावर? आमच्यातले दोघे शपथेवर सांगतात की पहिल्याच आठवड्यात; एक जण म्हणतो, छे, ऑक्टोबरात. वही बंद होऊन दोन वर्षे झाली होती. फोन बदलले, गटातले जुने संदेश गेले. प्रश्न क्षुल्लक आहे, आणि आता तो कधीच सुटणार नाही. त्याच्या चातुर्याचा सर्वांत मोठा पुरावा आम्ही लिहून ठेवला नाही. २००६ ते २०१३ मधली त्याची प्रत्येक चूक मात्र त्याच्याच अक्षरात आमच्यापाशी आहे.

२०२१ नंतर लीगमधला ‘रस’ झपाट्याने ओसरला, असे सगळे म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. त्या ऑगस्टमध्ये दहाव्या ओळीविषयी कोणीच काही बोलले नाही, आणि ज्या जागेविषयी बोलता येत नाही त्या जागी फार काळ बसवत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आठ जणांनी संघ नोंदवले. दिवाळीनंतर त्यांतले तीनच हलत होते. उरलेले पाच संघ मालकांनी हात न लावता खेळत होते. असे पूर्वी एकदा झाले होते, तेव्हा मालक मेलेला होता. या वेळी पाचही मालक धडधाकट होते.

६.

दोन आक्षेप उरतात. दोन्ही मित्रांचेच आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला : मावळातल्या माणसांनी विलायती क्लबांच्या नावाने गळे का काढावेत? आपल्या मातीतले काही करा. या आक्षेपाचा पूर्वार्ध कबूल आहे. आम्हालाही घरचा संघ हवा होता. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि काही वर्षांत गुंडाळला गेला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये मिटला. बालेवाडीला जाऊन ज्यांच्या नावाने ओरडावे असे संघ असे एकामागून एक गेले. त्यामुळे परके प्रेम हा केवळ आमचा शौक नव्हता. आणि उत्तरार्धाबाबत : कार्ल्याच्या लेण्यात जाऊन या. त्या चैत्यगृहात सदतीस खांब आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर ते देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकटाचे रहिवासी आहेत, आणि त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्या कोणाला ते खांब परके वाटलेले आम्ही ऐकलेले नाही. मातीचे काय आणि परके काय, हे कोठून आले यापेक्षा कोणी किती काळ खांदा दिला यावर ठरते. तेथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. खांब एकेकाने दिला आहे, पण छप्पर कोणा एकट्याच्या खांबावर नाही. आणि देणारा गेला म्हणून त्याचे नाव कोणी खरवडून काढलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : गोष्टी संपतात, संपू द्याव्यात. ‘सत्यकथा’सारखे मासिक १९८२ मध्ये बंद झाले, तेथे तुमची लीग ती काय? मैत्री टिकली म्हणजे झाले. ती टिकवण्यासाठी खेळाची कुबडी लागत असेल तर मैत्रीच तपासा. आम्ही यावर बराच विचार केला. संपण्याला आमचा विरोध नाही. पण बंद करणे वेगळे आणि बंद पडू देणे वेगळे. गणपतीदेखील आपण विसर्जित करतो. नकोसा झाला म्हणून कोनाड्यात धूळ खात ठेवत नाही. आरती होते, निरोप दिला जातो, रिकामा पाट घरी येतो. लीग संपवायची असेल तर सर्वांनी एकत्र येऊन, शेवटचा तक्ता लिहून, ती संपवावी. आम्ही पहिली सही करू. जे चालले आहे ते याहून हलके आहे : कोणीही संपवलेली नाही आणि कोणीही खेळत नाही. राहिली मैत्रीची गोष्ट. बाळंतपणे, बदल्या, आईवडिलांची दुखणी यांत अडकलेली चाळिशीची माणसे निव्वळ मैत्रीसाठी भेटत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांना निमित्त लागते. निमित्ताला कुबडी म्हणायचे असेल तर वारीला जाणाऱ्याला पंढरपूर ही कुबडीच म्हणावी लागेल.

तेव्हा तिसरी गोष्ट, म्हणजे एकत्र बसणे. पुढच्या ऑगस्टमध्ये, हंगामाच्या आधीच्या रविवारी, लोणावळ्यात. भुशी धरणाच्या वाटेवरची गर्दी टाळून, स्टेशनजवळ, ज्या घराच्या माळ्यावर जुनी वही आहे त्याच घरी. पुण्याहून सकाळची लोकल, म्हणजे कोणाला गाडीचे आणि घाटातल्या कोंडीचे निमित्त सांगता येणार नाही. ड्राफ्ट पाटीवर खडूने होईल; फोन दुसऱ्या खोलीत राहतील. परदेशात असलेल्या दोघांनी आपली निवड आधी क्रमाने लिहून पाठवावी. त्यांचे संघ, पूर्वीप्रमाणेच, दुसरा कोणी भरील. ज्याचे घर त्याने जेवण घालायचे. तळाला असेल त्याने दर आठवड्याला अर्धे पान लिहायचे, आणि ते हाताने. जुन्या वहीची मागची तीस-चाळीस पाने कोरी आहेत. नवी आणू नये. २०१३ च्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून लिहायला लागावे. तक्ता दहा ओळींचा आखला जाईल. दहाव्या ओळीत नाव लिहिले जाईल, गुणांचा रकाना मोकळा राहील, आणि वार्डीच्या प्रश्नावर दोन्ही पक्षांचे म्हणणे त्याच पानावर नोंदवले जाईल.

ज्यांना रस आहे त्यांनी यावेच. ज्यांना रस नाही त्यांनीही यावे. ती अट आम्ही २००६ मध्येही घातली नव्हती.